संरक्षण खात्याची घडी बसविणारे यशवंतराव

१९६२ सालच्या हिवाळ्यात आपल्या देशातील असंख्य स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले आणि अंगावरचे दागिने उतरवून राष्ट्रीय संरक्षण निधीत टाकले. उत्तर सीमेवर चीनचे आक्रमण झाले होते. उंच पहाडात आपले काही जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांनिशी लढले, या बातमीने घरोघरी लोक अस्वस्थ झाले होते. देशात त्यागाची उणीव नव्हती, जवानांत शौर्याचीही नव्हती. मग उणीव होती तरी कशाची? या प्रश्नाचे उत्तर ज्यांना दिल्लीत जाऊन शोधावे लागले आणि कृतीने द्यावे लागले, ते कऱ्हाडचे यशवंतराव बळवंतराव चव्हाण. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून आपण सर्वजणी त्यांना ओळखतो. संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी केलेले काम मात्र त्या मानाने कमी सांगितले जाते. त्यांच्या चरित्रातील तोच भाग येथे मुख्यतः मांडावयाचा आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव न्यायालयात बेलीफ होते. प्लेगच्या साथीत ते वारले, तेव्हा यशवंतराव अगदी लहान होते. पुढचा सारा संसार आई विठाबाईंनी ओढला. विठाबाई निरक्षर होत्या, पण मुलांनी शिकावे याविषयी त्यांचा निश्चय पक्का होता. ज्ञानोबा आणि गणपतराव या थोरल्या बंधूंनी आपापल्या परीने भार उचलला आणि यशवंतराव कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकू लागले.

शाळेत असतानाच ते स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले. १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शाळेतील एक शिक्षक विठाबाईंना बरोबर घेऊन त्यांना तुरुंगात भेटावयास गेले. मुलाने माफी मागितली तर तो सुटेल, असे शिक्षकांनी सुचविले. विठाबाईंनी ते साफ नाकारले. मुलाने माफी मागू नये, प्रकृतीची काळजी घ्यावी, एवढेच त्यांनी त्याला सांगितले. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीला जबाबदारी म्हणजे काय हे पुरते उमजले होते. जे केले ते आपण केले असे म्हणून उभे राहावयाचे, हा धडा यशवंतरावांनी घरातच घेतला.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी. ए. केले आणि पुढे पुण्यास कायद्याची पदवी घेतली. २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला. दोनच महिन्यांत बेचाळीसचे आंदोलन पेटले आणि यशवंतराव भूमिगत झाले. नव्या नवरीच्या हातची हळद वाळली न वाळली तोच वेणूताईंनाही अटक सोसावी लागली. त्या दिवसांनी वेणूताईंची प्रकृती कायमची नाजूक केली, पण पतीच्या सार्वजनिक कार्याला त्यांनी कधी आडकाठी केली नाही.

१९४६ मध्ये यशवंतराव मुंबई विधानसभेवर निवडून आले. प्रथम संसदीय चिटणीस आणि १९५२ पासून मंत्री, अशी पायरी पायरीने त्यांनी राज्यकारभाराची ओळख करून घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्राची धुराही त्यांच्याकडेच आली. अधिकाऱ्याला त्याचे काम मोकळेपणाने करू द्यावयाचे, त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावयाचे आणि निर्णय मात्र स्वतःच्या जबाबदारीवर द्यावयाचा, ही त्यांची रीत येथेच तयार झाली. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ च्या जूनमध्ये साताऱ्यास सुरू झाली, तीही त्यांच्याच कारकीर्दीत.

१९६२ च्या नोव्हेंबरात आघाडीवरून पराभवाच्या बातम्या येत असतानाच पंडित नेहरूंचे बोलावणे आले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना लोकमताच्या रेट्यापुढे पद सोडावे लागले होते. होकार देण्यापूर्वी यशवंतरावांनी फक्त वेणूताईंना विचारण्याची मोकळीक मागितली, असे सांगतात. मुख्यमंत्रिपद कन्नमवारांच्या हाती सोपवून ते दिल्लीस गेले आणि २१ नोव्हेंबर रोजी त्यांनी शपथ घेतली. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे लोक कौतुकाने म्हणू लागले. पण सह्याद्रीसमोर त्या दिवशी कोणते काम वाढून ठेवले होते, हे समजण्यासाठी संरक्षण खाते चालते कसे, हे थोडे पाहिले पाहिजे.

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानच्या सैन्याचा एकच सरसेनापती असे. तो सैन्याचा प्रमुख तर असेच, शिवाय व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सैन्याचे खातेही बहुतेक काळ त्याच्याकडेच असे. म्हणजे मागणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था बदलली. राज्यघटनेने तिन्ही दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींना दिले. प्रत्यक्ष कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावयाचा आणि मंत्रिमंडळाने लोकसभेला जाब द्यावयाचा, असे ठरले. भूदल, नौदल आणि हवाईदल यांना वेगवेगळे प्रमुख मिळाले. १९५५ मध्ये त्यांचे सरसेनापती हे जुने नाव जाऊन त्यांना दलाचे प्रमुख म्हणू लागले. तिघांनी एकत्र बसून विचार करण्यासाठी त्यांची एक समिती नेमलेली होती.

या तीन प्रमुखांच्या आणि मंत्र्यांच्या मध्ये संरक्षण सचिव असतो. तो लष्करी नसून मुलकी अधिकारी असतो. सैन्याची मागणी नियमांत बसते काय, दुसऱ्या खात्यांशी तिचा मेळ कसा घालावयाचा आणि सरकारचे धोरण काय, हे त्याचे खाते पाहते. त्याच्या शेजारी आर्थिक सल्लागार असतो आणि पैशाचा कोणताही प्रस्ताव त्याच्या नजरेखालून जावा लागतो. बंदुका, दारूगोळा, कपडे आणि वाहने तयार करणारे कारखाने, तसेच नव्या शस्त्रांचे संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा, हा आणखी एक पसारा. या सर्वांच्या माथ्यावर मंत्री असतो. तो लोकांनी निवडून दिलेला असतो आणि चूक कोणाचीही झाली तरी सभागृहात उभे राहून उत्तर त्यालाच द्यावे लागते.

आपल्या मंडळाचेही असेच नाही काय? अध्यक्षा, चिटणीस आणि खजिनदार यांची कामे निराळी असतात, ठराव होतो तो सभेत होतो आणि त्याची नोंद इतिवृत्तात केली जाते. कोणी काय ठरविले हे वहीत नसेल, तर हळदीकुंकवाच्या समारंभाचाही घोटाळा होतो. मग लाखो माणसांच्या जिवाशी ज्याची गाठ, त्या खात्याची वही किती नेटकी हवी!

१९६२ मध्ये बिघडले होते ते नेमके येथे. मंत्री आणि सेनाधिकारी यांचे संबंध त्यापूर्वीच नासले होते. १९५९ मध्ये भूदलाचे प्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या सांगण्यावरून तो परत घेतला होता. वरच्या जागांवरील नेमणुकांत मंत्र्यांची मर्जी चालते, अशी कुजबुज सैन्यात होती. सप्टेंबर १९६२ मध्ये थागला डोंगराच्या परिसरातून चिनी सैन्य हटविण्याचा निर्णय दिल्लीत झाला, तेव्हा पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री दोघेही परदेशात होते. भूदलाच्या प्रमुखांनी लेखी हुकूम मागितला आणि तो मिळाला खात्यातील एका सहसचिवाच्या सहीने. महत्त्वाच्या बैठकांची टिपणे गुप्ततेच्या कारणाखाली ठेवली जात नव्हती. ज्या ठिकाणी लढावयाचे तेथे रस्ता नव्हता, पुरेशा तोफा नव्हत्या, लोकरी कपडे नव्हते. हुकूम मात्र होता. त्या युद्धात सरकारी आकड्यांप्रमाणे आपले १,३८३ जवान मृत्यू पावले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैद झाले.

यशवंतरावांनी आल्या आल्या मोठी भाषणे केली नाहीत. त्यांनी सकाळची बैठक सुरू केली. तिन्ही दलांचे प्रमुख, संरक्षण सचिव आणि खात्यातील इतर प्रमुख अधिकारी मंत्र्यांसमोर एकत्र बसू लागले. सीमेवर काय घडले, काय कमी आहे, कोणता कागद कोठे अडला आहे, हे सर्वांदेखत बोलले जाऊ लागले आणि त्याची टिपणे राहू लागली. वरवर पाहता ही गोष्ट किती साधी! पण कानगोष्टींनी चालणारा कारभार समोरासमोर होऊ लागला, की अर्धे गैरसमज तेथेच मिटतात. एकाने दुसऱ्यावर ढकलण्याची सोयही उरत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती हद्द आखण्याची. काय साधावयाचे हे सरकारने ठरवावे, ते रणांगणावर कसे साधावयाचे हे सेनापतींनी ठरवावे, हा त्यांचा दंडक होता. पराभवानंतर जनरल थापर यांनी पद सोडले होते. त्यांच्या जागी जनरल जयंतनाथ चौधुरी आले. त्यापूर्वी पुण्यास दक्षिण विभागाचे प्रमुख असलेल्या चौधुरींच्याच हाताखाली १९६१ मध्ये गोवा मुक्तीची मोहीम झाली होती. सैन्यातील नेमणुका आणि बढत्या यांत मंत्र्यांनी स्वतःची माणसे पुढे ढकलण्याचा प्रकार बंद झाला आणि अधिकाऱ्यांचा गेलेला विश्वास परत येऊ लागला.

पराभवाची चौकशीही झाली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी ती केली. अहवाल गुप्त ठेवण्यात आला, पण २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी त्यातील धडे लोकसभेपुढे मांडले. कोणा एकाचे नाव घेऊन त्याला पिंजऱ्यात उभे न करता त्यांनी दोष मात्र झाकले नाहीत. पहाडी युद्धाचे शिक्षण अपुरे पडले, सामग्री व वाहने तोकडी पडली, वरच्या अधिकाऱ्यांनी खालच्यांच्या बारीकसारीक हालचालींत हात घातला, हे त्यांनी मान्य केले. सरकारने सैन्याला स्पष्ट धोरण आणि मुख्य सूचना दिल्या पाहिजेत, आणि त्या हातातील साधनांना धरून असल्या पाहिजेत, हेही त्यांनी सांगितले. मंत्री आपल्याच सरकारच्या वर्मावर बोट ठेवीत होता. अहवाल मात्र लोकांपुढे न आल्याने पुष्कळांचे समाधान झाले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

तिसरे काम म्हणजे पुढचा हिशेब. तोवर संरक्षणाचा खर्च बहुतेक वर्षाच्या अंदाजाने चाले. तोफ काय किंवा विमान काय, आज मागितले तर वर्षांनी हाती पडते. म्हणून पाच वर्षांची संरक्षण योजना आखण्यात आली. सव्वाआठ लाखांचे भूदल, त्यात पहाडी युद्धासाठी खास तयार केलेल्या दहा डिव्हिजन आणि ४५ स्क्वाड्रनांचे हवाईदल, असे तिचे उद्दिष्ट होते. १९६३ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपये धरण्यात आले. ही रक्कम आधीच्या वर्षीच्या मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक होती. शस्त्रसामग्री मिळविण्यासाठी १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिका, रशिया आणि इंग्लंड येथे गेले. अमेरिकेत असतानाच २७ मे रोजी पंडितजींच्या निधनाची बातमी आली आणि दौरा अर्धा टाकून त्यांना परतावे लागले.

बाहेरून घेण्याबरोबरच घरात बनविण्यावरही भर होता. संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग १९६२ च्या नोव्हेंबरातच निघाला होता आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये संरक्षण पुरवठ्याचा विभाग निघाला. याच काळात नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. नाशिकनेच १९६३ मध्ये यशवंतरावांना लोकसभेवर बिनविरोध निवडून दिले होते. या कारखान्यांतून महाराष्ट्रातील कितीतरी कुटुंबांची चूल पेटली.

घडी नीट बसली की नाही, याची परीक्षा १९६५ मध्ये झाली. ऑगस्टात पाकिस्तानने काश्मिरात घुसखोर पाठविले. त्याच महिन्यात विठाबाई निवर्तल्या. ज्या आईने तुरुंगाच्या दारात मुलाला ताठ ठेवले, तिच्यासाठी शोक करावयासही त्याला पुरती सवड मिळाली नाही.

१ सप्टेंबर रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. अखनूरचा पूल त्यांच्या हाती पडला असता, तर काश्मीरकडे जाणारी वाटच तुटली असती. दुपारी जनरल चौधुरी आणि हवाईदलाचे प्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांच्या दालनात आले. त्यांनी लढाऊ विमाने वापरण्याची परवानगी मागितली. १९६२ मध्ये हल्ल्यासाठी विमाने वापरलीच गेली नव्हती, त्यामुळे हा निर्णय लहान नव्हता. मंत्रिमंडळाची बैठक बोलावीपर्यंत संध्याकाळ झाली असती आणि अंधारात विमानांचा उपयोग नव्हता. यशवंतरावांनी दोघांचे ऐकले आणि काही मिनिटांत होकार दिला. पाच वाजून गेले तोच पठाणकोटहून विमाने उडाली. त्या पहिल्या उड्डाणांत आपली चार विमाने गेली, पण शत्रूचा जोर मोडण्यास त्यांची मदत झाली.

येथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. त्यांनी विमाने कोठून आणि कशी न्यावयाची यात लक्ष घातले नाही, ते अर्जन सिंगांचे काम होते. पण विमाने वापरावयाची की नाही हा प्रश्न सेनापतींच्या गळ्यात न टाकता त्यांनी तो स्वतःच्या शिरावर घेतला. तीन वर्षांपूर्वी सहसचिवाच्या सहीने निघालेला हुकूम आणि मंत्र्यांनी स्वतः दिलेला हा होकार, यांतील अंतर म्हणजेच यशवंतरावांचे संरक्षण खात्यातील कार्य होय. पुढे पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या निर्णयाप्रमाणे ६ सप्टेंबर रोजी आपले सैन्य लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडून गेले आणि २३ सप्टेंबर रोजी युद्धबंदी झाली. त्या दिवसांची रोजनिशी यशवंतरावांनी लिहून ठेवली होती. त्यांचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी तिच्या आधाराने लिहिलेले पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या व्यवस्थेत एक उणीवही राहिली होती. युद्धबंदीपूर्वी शास्त्रीजींनी आणखी काही दिवस लढता येईल काय, असे विचारले असता दारूगोळा बहुतेक संपत आला आहे, असे चौधुरींनी सांगितले. पुढे हिशेब झाला तेव्हा आघाडीचा सुमारे १४ टक्केच दारूगोळा खर्च झाल्याचे आढळले. सेनापतीच्या कामात ढवळाढवळ करू नये हे खरे. पण कोठीत किती आहे हे विचारणे म्हणजे ढवळाढवळ नव्हे. स्वयंपाकीण कितीही कुशल असली, तरी घरच्या कर्त्या बाईला डबे उघडून पाहावे लागतातच. विश्वास ठेवावा आणि मोजदादही ठेवावी, हा धडा त्या युद्धाने दिला.

जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींबरोबर यशवंतराव ताश्कंदला गेले. १० तारखेस करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजींचे तेथे निधन झाले. नोव्हेंबर १९६६ मध्ये यशवंतराव गृहमंत्री झाले आणि संरक्षण खात्याचा त्यांनी निरोप घेतला. पुढे अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही त्यांनी सांभाळली, उपपंतप्रधानपदही भूषविले. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. एक्केचाळीस वर्षांची सोबत सुटली आणि यशवंतराव एकाकी झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांनी देह ठेवला. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

त्यांच्यानंतर संरक्षण खात्याची रचना पुष्कळ बदलली. संशोधनाचा वेगळा विभाग १९८० मध्ये झाला, माजी सैनिकांच्या कल्याणाचा २००४ मध्ये. २०२० च्या आरंभी तिन्ही दलांत मेळ घालण्यासाठी संरक्षण दल प्रमुख हे नवे पद अस्तित्वात आले आणि त्यांच्याकडे लष्करी व्यवहारांचा नवा विभाग सोपविण्यात आला. संरक्षण विभाग आणि संरक्षण उत्पादन विभाग धरून आता या मंत्रालयात पाच विभाग आहेत. नकाशा बदलला, तरी त्यामागचे सूत्र बदललेले नाही. लोकांनी निवडलेल्या माणसाने निर्णय द्यावा, जाणत्या सैनिकाने निर्भयपणे सल्ला द्यावा, काय ठरले ते लिहिले जावे आणि जाब विचारला तर देता यावा.

भगिनींनो, सीमेवरच्या जवानासाठी आपण राख्या पाठवितो, तिळगूळ पाठवितो, त्याच्या घरच्यांची विचारपूस करतो. ते सर्व करीतच राहू. पण त्या जवानाचे प्राण दिल्लीतील एखाद्या बैठकीच्या नीटनेटकेपणावरही अवलंबून असतात, हे ध्यानात ठेवून आपल्या प्रतिनिधींना त्याविषयी विचारणे हेही आपलेच काम आहे. ज्या घरातून मुलगा सैन्यात जातो, त्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क आहे.